लावणीला साठ जण, बेणणीला कोणीच नाही: मुलांच्या शेती-उपक्रमात स्वयंसेवक हंगामभर कसे टिकवावेत?

प्रश्न: गोराईकर

नमस्कार.

गोराई परिसरातील आम्ही काही शेतकरी कुटुंबे गेली तीन वर्षे आमच्याच वस्तीतल्या १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी पावसाळी भातशेतीचा एक लहानसा उपक्रम चालवीत आहोत. आमच्याकडे नोंदणीकृत संस्था नाही, कार्यालय नाही, देणगीदारही नाहीत. एका घराने दिलेले साडेपाच गुंठ्यांचे खाचर, दुसऱ्या घराची पडवी आणि शाळा सुटल्यावर व रविवारी येणारी बावीस मुले एवढाच सारा पसारा आहे. उपक्रम सुरू करण्याचे कारण साधे होते. ज्या घरांतील आजीला आवणाकडे, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या रोपांकडे, नुसते पाहून ते किती दिवसांचे झाले हे सांगता येते, त्याच घरांतील नातवंडांना भाताची कापणी कोणत्या महिन्यात होते हे माहीत नव्हते, कारण मधली पिढी पहाटेची बोट पकडून बोरिवलीला आणि तिथून पुढे नोकरीला जाऊ लागली आणि खाचरे एकेक करून पडीक राहिली.

पहिली दोन वर्षे आम्ही घरच्या घरीच भागवले. गेल्या वर्षी शहरातील एका महाविद्यालयाने आपले स्वयंसेवक पाठवण्याची तयारी दाखवली आणि आम्ही आनंदाने होकार दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील एका रविवारी साठ विद्यार्थी आले. ती मुले मनाने वाईट नव्हती, हे मी आधीच सांगतो. चिखलात उतरायला त्यांनी जराही का-कू केली नाही. परंतु त्यांना कोणी काही शिकवून पाठवले नव्हते आणि साठ जणांना एकाच वेळी दाखवणे आम्हाला जमले नाही. दोन-तीन रोपांचा चूड उथळ लावायचा असतो, म्हणजे त्याला फुटवे लवकर येतात. त्यांनी आठ-आठ, दहा-दहा रोपांचा जुडगा करून तो मनगट बुडेल इतका खोल खोचला. उरलेल्या रोपांच्या मुठी पायाखाली आल्या. एका बाजूचा बांध इतक्या जणांच्या वावराने खचला आणि खाचरातले पाणी वाहून गेले. चार वाजता सगळे परत निघाल्यावर आमच्या मुलांनी अंधार पडेपर्यंत, शेवटी विजेरीच्या उजेडात, दोन गुंठे पुन्हा लावले.

मनाला लागलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आमच्यातील चौदा वर्षांची एक मुलगी, जिचा हात लावणीला मोठ्या बाईच्या तोडीचा आहे, फलक धरून छायाचित्र काढताना मधे येत होती म्हणून तिला बाजूला व्हायला सांगण्यात आले. ती काही बोलली नाही. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

त्यानंतर ऑगस्टमध्ये बेणणीची, म्हणजे तण काढण्याची, वेळ आली तेव्हा आम्ही तीनदा निरोप पाठवले, पण कोणी आले नाही. भातात भातासारखेच दिसणारे पाखड हे तण माजले होते. पान खोडाला जिथे मिळते तिथे भाताला पातळ पांढरी जिभळी असते आणि पाखडाला ती नसते, एवढ्या खुणेवर ते ओळखून उपटावे लागते, आणि हे काम वाकून, सावकाश, ओळीओळीनेच होते. नऊ मुले आणि दोन आज्या यांनी ते सात दिवस केले.

आता मृग तोंडावर आला आहे आणि त्याच महाविद्यालयाचा पुन्हा फोन आला आहे. बाहेरचे स्वयंसेवक घेणे बंद करावे, असे आमच्यातील काहींचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण शहरातील मुलांशी ओळख झाल्याने आमच्या मुलांची भीड चेपली, हेही मी पाहिले आहे. ज्यांना असे उपक्रम चालवण्याचा किंवा अशा उपक्रमांत वाढण्याचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे: जून ते ऑक्टोबर टिकतील असे स्वयंसेवक कसे निवडावेत, त्यांना काय काम द्यावे आणि आमच्या मुलांचे स्थान त्यात नेमके कोणते असावे?

प्रतिसाद: राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) कार्यक्रम अधिकारी, अंधेरी

आपले लिखाण वाचून मला अपराधी वाटले, कारण काही वर्षांपूर्वी मीही पन्नासेक विद्यार्थ्यांना घेऊन एका पाड्यावर असाच एक दिवस ‘श्रमदान’ करून परतलो होतो आणि मागे काय झाले याची चौकशीही केली नव्हती. म्हणून असे का घडते हे आतल्या बाजूने सांगणे मला माझे काम वाटते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करावे आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. एका युनिटमध्ये साधारण शंभर विद्यार्थी असतात आणि त्यांच्यासाठी कार्यक्रम अधिकारी एकच असतो, जो एरवी पूर्णवेळ शिकवतो. अशा वेळी साठ जणांना एका दिवशी आठ तास नेले की ४८० तास एका झटक्यात नोंदवता येतात, अहवालात मोठा आकडा आणि मोठे छायाचित्र जाते आणि सगळे मोकळे होतात. कोणाचा हेतू वाईट नसतो. हिशोबाची सोय मात्र शेताच्या गरजेच्या नेमकी उलट असते.

तो हिशोबच आपण त्यांना बदलून द्या. साठ नकोत, बारा द्या, असे लेखी कळवा. बारा विद्यार्थी जून ते ऑक्टोबर या काळात दहा वेळा, प्रत्येक वेळी सहा तास आले तर ७२० तास होतात, म्हणजे त्या एका दिवसाच्या दीडपट, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे वर्षाचे निम्मे तास तुमच्याकडेच पूर्ण होतात. हे गणित पत्रात मांडलेत तर कोणताही प्राचार्य ते नाकारणार नाही. पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रवेशाची गडबड संपण्याआधी पोहोचले पाहिजे. जुलैमध्ये वेळापत्रक ठरून गेलेले असते.

निवडीबद्दल माझा अनुभव असा की भाषणात पुढे असणारे विद्यार्थी शेतात पुढे असतातच असे नाही. पहिले बोलावणे लावणीचे नसावे. पावसाआधी बांधाची डागडुजी, पाटातला गाळ काढणे असे रूक्ष काम ठेवा आणि त्या दिवशी छायाचित्रे काढायची नाहीत असे आधीच सांगा. त्यानंतर जे दुसऱ्यांदा येतील, ते तुमचे. शक्यतो बोरिवली, दहिसर, मालाड या भागातलेच विद्यार्थी घ्या. रविवारी रेल्वेचा ब्लॉक आणि वर पावसात बंद पडणारी बोट यांमुळे दूरचे विद्यार्थी इच्छा असूनही गळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

परीक्षांची अडचण खरी आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबरच्या आसपास येतात आणि कापणीही तेव्हाच असते. कापणीचा भार त्यामुळे गावावरच धरा; परंतु सात दिवसांचे विशेष शिबिर सुटीत घ्यायचे असते, ते दिवाळीच्या सुटीत तुमच्याकडे घेता आले तर झोडणी, पेंढा रचणे आणि भातानंतरच्या ओलीवर वाल पेरणे ही कामे त्यात सहज बसतील.

प्रतिसाद: माजी कृषिकन्या, बदलापूर

मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी एका गावात राहिले. तेव्हा आम्हाला गावात ‘कृषिकन्या’ म्हणत. त्या दिवसांवरून सांगते की बाहेरून शिकवायला आलेल्याचे शेतकरी फार आदराने ऐकून घेतात आणि नंतर जे करायचे तेच करतात; खरा बदल त्यांच्या घरातील मूल काहीतरी करून दाखवते तेव्हा होतो.

सरांनी स्वयंसेवकांच्या बाजूने उत्तम मांडणी केली आहे. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आपल्या उपक्रमात बावीस मुले एकाच खाचरात सगळ्यांचे मिळून काम करतात, म्हणजे त्यातले कोणतेही काम कोणा एकाचे नाही. आपल्याकडे साडेपाच गुंठे आहेत आणि बावीस मुले आहेत. त्यांच्या अकरा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला बरोबर अर्धा गुंठा येतो. तो अर्धा गुंठा हंगामभर त्या जोडीचा करा. त्यावर त्यांच्या नावाची पाटी लावा, एक वही द्या आणि पेरणीपासून मळणीपर्यंत काय केले, कधी केले, किती लागले हे त्यांनीच लिहू द्या. सरांनी सुचवलेल्या बारा स्वयंसेवकांपैकी एकेक जण एकेका जोडीला मिळेल आणि बारावा सगळ्यांच्या वह्या व हजेरी पाहील. मग बेणणीला ‘कोणी या’ असा निरोप पाठवावा लागणार नाही. दोन मुले त्यांच्या ओळखीच्या एका दादाला किंवा ताईला फोन करतील, आणि तो फोन टाळणे फार कठीण असते.

ही कल्पना माझी नाही. १९०२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लार्क काउंटीमध्ये, ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षकाने ग्रामीण मुलांचा असा गट सुरू केला होता. पुढे तिथे जी ‘फोर-एच’ चळवळ उभी राहिली तिच्या आरंभीच्या गटांपैकी तो एक मानला जातो. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले. मोठी माणसे नव्या बियाण्याला हात लावायला तयार नसत, तेव्हा मुलांनी आपल्या लहानशा तुकड्यात मका पिकवून दाखवला आणि ते पाहून बापांनी बियाणे बदलले. मुलाचा स्वतःचा तुकडा आणि त्याची स्वतःची नोंदवही या दोन गोष्टी तिथे आरंभापासून महत्त्वाच्या राहिल्या आहेत.

आता तुमच्या खाचरात काय करून पाहता येईल ते सांगते. आपल्या कोकणात चार सूत्री भात लागवड अनेकांना ऐकून माहीत आहे, पण मुंबईच्या हद्दीत ती करणारे मला फारसे भेटले नाहीत. आधीच्या पिकाचे अवशेष जमिनीत वापरणे, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीच्या वेळी गाडणे, दोरीवर नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपी खताची गोळी खोल खोचणे ही ती चार सूत्रे. दोरीला आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटरवर रंगीत खुणा बांधायच्या, खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा आणि पुढची ओळही तशाच अंतराने घ्यायची. यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. लावणीच्या दिवशीच प्रत्येक लहान चौकोनाच्या मध्यभागी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. मुलांना यातले गणित करायला लावा: एका चौरस मीटरमध्ये चूड पंचवीस, अर्धा गुंठा म्हणजे सुमारे पन्नास चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेबाराशे चूड आणि तीनशेच्या वर गोळ्या. बाजूच्या अर्ध्या गुंठ्यात आजी जशी लावते तशी लावणी ठेवा. कापणीला दोन्हींतून एकेक चौरस मीटर वेगळा कापून, झोडून, वाळवून तोला. आकडा कोणाच्याही बाजूने येवो, तो मुलांनी स्वतः काढलेला असेल.

बियाण्याबद्दल एक सूचना. कर्जत-३, कर्जत-७ किंवा रत्ना यांसारखे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात घेतले तर ते ११५ दिवसांच्या आसपास तयार होते आणि परीक्षांच्या आधी कापता येते; मात्र मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर असल्याने हळवे भात पावसात सापडण्याचा धोका राहतो. त्यामुळे पेरणी फार लवकर करू नये. आपल्या खाचरात उधाणाचे खारे पाणी शिरत असेल तर हे वाण सोडा आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१ किंवा पनवेल-३ पाहा.

प्रतिसाद: उपनगरातील एक डॉक्टर

शेतीतले मला कळत नाही, पण पावसाळ्यात तापाचे रुग्ण मी रोज तपासते, म्हणून तीन गोष्टी लिहिते.

साचलेल्या पाण्यात आणि चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. शेतात उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे पाय पाहावेत. कापलेले, सोललेले असेल त्याला त्या दिवशी वहीचे काम द्यावे. गमबूट वापरावेत. जखम असताना पाण्यात उतरलेल्या व्यक्तीने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषधाबाबत विचारावे. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे यांपैकी काही झाले तर ‘मी भातशेतात काम केले होते’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बरेच जण ते सांगत नाहीत आणि निदानाला उशीर होतो.

सर्पदंशासाठी लागणारे प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे आणि बोट बंद असताना भाईंदरच्या रस्त्याने तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे पावसाआधी स्वतः जाऊन पाहून ठेवा. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, तिथे कापू नये, चोखू नये आणि आवळूनही बांधू नये.

तिसरी गोष्ट वैद्यकीय नाही, पण मुलांशी संबंधित आहे. अठरा वर्षांखालील मुलांबरोबर बाहेरची प्रौढ माणसे काम करणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि कोणताही स्वयंसेवक कोणत्याही मुलासोबत एकटा राहणार नाही असा नियम पहिल्या दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवा. काही गैर घडल्याचे कळले तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ हा पर्यायच नाही. आपला उपक्रम घरगुती स्वरूपाचा आहे म्हणून हे अवघड वाटेल, तरीही करा.

प्रतिसाद: मनोरीची

काका, मी एकोणीस वर्षांची आहे आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौदाव्या वर्षापासून दोन वर्षे मीही अशाच एका उपक्रमात होते, म्हणून त्या मुलीबद्दल वाचल्यावर मला लिहिल्याशिवाय राहवले नाही.

आमच्याकडे दर शनिवारी शहरातून ताई-दादा येत. ते आमचे लाडही करत. परंतु प्रत्येक वेळी आम्हाला ओळीत बसवून शेतीविषयी ‘माहिती’ दिली जायची, आणि ती देणाऱ्याने आयुष्यात विळा हातात धरलेला नसायचा. माझी आई माझ्या शेजारी बसून ते ऐकायची आणि मान डोलवायची. मला तिच्यासाठी वाईट वाटायचे. दहावी झाल्यावर मी जाणे सोडले आणि कोणी का सोडले असे विचारले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की पहिल्या दिवशी शिकवण्याचे काम मुलांकडे द्यावे. मूठ कशी धरायची, रोपाची मुळे न तुटू देता ते कसे उपटायचे, चूड अंगठ्याने किती दाबायचा, खेकड्याचे बीळ कसे शोधायचे आणि आतून पाणी कुठे निघते ते कसे पाहायचे, हे तुमच्या त्या मुलीने स्वयंसेवकांना दाखवावे आणि तिने ‘जमले’ म्हटल्यावरच त्यांनी खाचरात उतरावे. बदलापूरच्या ताईंनी स्वयंसेवकांना ‘दादा’ आणि ‘ताई’ म्हटले आहे. वयाने ते ठीक आहे, पण शेतात मोठे कोण हे तिथल्या कामाने ठरू द्यावे.

दुसरे म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा वेगळा विचार करावा, कारण गळती तिथेच होते. त्यांना लावणीइतकीच पुढच्या वाटेची गरज असते. दहावीनंतर कृषी तंत्रनिकेतनात जाता येते, बारावीनंतर बी.एस्सी. कृषीचा प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो, आणि आपल्याच शहरात परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, यांतले काहीही मला बारावी वाणिज्यची परीक्षा देईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. शहरातील स्वयंसेवकांना हेच सगळ्यांत चांगले जमते. अर्ज भरणे, तारखा पाहणे, गणित घेणे ही कामे त्यांनी पावसाने खाचरात उतरता येत नाही त्या दिवशी पडवीत बसून करावीत. माझ्या मते या देवाणघेवाणीमुळेच दोन्हीकडची मुले टिकतील, कारण मग कोणी कोणावर उपकार करत नाही.

आणि भात तयार झाल्यावर त्याचे काय होते? आमच्याकडे ते एका कार्यक्रमात पाहुण्यांना पिशव्या भरून भेट देण्यात आले. ज्यांनी पिकवले त्यांच्या घरी एक पायलीही गेली नाही. अर्ध्या गुंठ्यात वीस किलो भात आले तरी ते त्या जोडीचे असावे. घरी न्यावे की विकावे हे त्यांनी ठरवावे.

डॉक्टरताई, आपल्या सूचनांबद्दल मनापासून आभार. फक्त चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट चालत नाहीत. पाय निघतो आणि बूट आतच रुतून बसतो. यावर आपण काही सुचवावे.

प्रतिसाद: उपनगरातील एक डॉक्टर

हे मला ठाऊक नव्हते, सांगितल्याबद्दल आभारी आहे. मग बांधावर, पाटात आणि गवत कापताना गमबूट ठेवा. खाचरात अनवाणी उतरावे लागत असेल तर जखम असलेल्याला उतरवू नका, ही अट अजिबात सैल करू नका, आणि बाहेर येताच सर्वांनी स्वच्छ पाणी व साबणाने पाय धुऊन, पुसून कोरडे करण्याची व्यवस्था खाचराच्या अगदी कडेला ठेवा. घरी जाऊन धुऊ, असे म्हणणारी मुले बोटीत तशीच बसतात.

प्रतिसाद: गोराईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पडवीत मुले आणि घरची मोठी माणसे एकत्र बसली आणि मी हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले.

अकरा जोड्या आणि अर्धा-अर्धा गुंठा हे सर्वांना एकदम पटले. खाचर मोजून खुंट्या ठोकण्याचे काम मुलांनी आजच उरकले. दोरीबद्दल दोन्ही आज्यांचे मत प्रतिकूल आहे. दोरी सरकवण्यात वेळ जातो आणि पावसात रोपे वाळत नसली तरी माणसे थकतात, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. म्हणून या वर्षी तीन जोड्या दोरीवर लावतील, बाकीच्या आठ जोड्या आजींच्या हाताखाली नेहमीसारखी लावणी करतील आणि तोलण्याचे काम ताईंनी सांगितल्याप्रमाणे होईल. गोळ्या मिळाल्या तरच वापरू. खाऱ्या पाण्याचा त्रास आमच्या खालच्या कोपऱ्याला आहे, त्यामुळे तेवढ्या दोन तुकड्यांसाठी पनवेलच्या वाणाची चौकशी करायला मी याच आठवड्यात जाणार आहे.

पीक ज्याच्या तुकड्यातले त्याचेच राहील, हे ठरले. मनोरीच्या मुलीने विचारले नसते तर आम्ही त्यावर बोललोच नसतो.

महाविद्यालयाला बारा विद्यार्थी आणि दहा रविवार असे पत्र लिहिले आहे. सरांनी मांडलेले तासांचे गणित त्यात जसेच्या तसे घेतले आहे. ते तयार झाले नाहीत तर जेवढे येतील तेवढ्यांवर भागवू, परंतु एका दिवसाचे साठ जण या वर्षी घेणार नाही. लावणी शिकवण्याचे काम त्या मुलीने करावे असे मी तिला विचारले. तिने लगेच होकार दिला नाही. शिकवायला उभी राहीन, पण जमले नाही म्हणून कोणाला खाचराबाहेर ठेवण्याचा अधिकार खरोखर माझा असेल का, असे तिने विचारले. असेल, असे मी सर्वांसमोर सांगितले.

येत्या रविवारी गेल्या वर्षी खचलेला बांध घालायचा आहे आणि खेकड्यांनी पोखरलेल्या जागा चिकणमातीने बुजवायच्या आहेत. यापैकी कोणाला यायचे असेल तर बोरिवलीच्या बाजूने सकाळी साडेसातपर्यंत धक्क्यावर यावे. आमच्याकडे गमबुटांचे सहाच जोड आहेत, म्हणून ज्यांच्याकडे असतील त्यांनी आपापले आणावेत. जेवणाची सोय घरी आहे.